धागा : झांज फाटते, तानपुरा खरखरतो. ॲम्प्लिफायरमधलं डिस्टॉर्शन शोधायचं कुठून?

#१ घोडबंदर_रोड

नमस्कार मंडळी. हाताने जोडलेला ५० वॅटचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे, स्पीकर ८ ओहमचे. सर्किट जुन्या धाटणीचं. इनपुटला बीसी५५६ ट्रान्झिस्टरची जोडी, तिच्या टेलला (दोन्ही एमिटर मिळतात तिथे) ३३ के चा रझिस्टर (साधारण १ मिलिअँपियर), कलेक्टरला साधा रझिस्टर, व्हीएएसवर (व्होल्टेज वाढवणाऱ्या मधल्या टप्प्यावर) ३३० पिकोफॅरडचा मिलर कपॅसिटर (ॲम्प्लिफायर स्थिर ठेवणारा). ड्रायव्हर टिप४१सी/४२सी, आउटपुट टिप३५सी/३६सी, एमिटर रझिस्टर ०.२२ ओहम. फीडबॅकला (आउटपुटचा अंश इनपुटला परत नेणाऱ्या वाटेवर) २२ के आणि १ के, त्या १ के च्या खाली ४७ मायक्रोफॅरड. ट्रान्सफॉर्मर २५-०-२५, रेल (पुरवठ्याच्या तारा) ±३५ व्होल्ट.

तक्रारी दोन. आवाज वर नेला की टाळ, झांज आणि गाण्यातला 'स' फाटतो, तबला मात्र ठीक वाजतो. आणि अगदी हळू लावलं की तानपुऱ्यावर बारीक खरखर येते. मोठा तुकडा संपून लगेच हळू आलाप सुरू झाला की ती जास्तच जाणवते. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलून पाहिले, फरक नाही. आता काय बदलू?

#२ सूक्ष्मवेध

सध्या काहीच बदलू नका. डिस्टॉर्शन कशामुळे येतंय हे ते कशाने वाढतं यावरून कळतं, म्हणून आधी चार गोष्टी पाहायच्या : आवाजाची पातळी, फ्रीक्वेन्सी, लोड आणि तापमान. तुमच्या दोन तक्रारी या चारांत अगदी उलट वागतात. एक मोठ्या आवाजाला आणि वरच्या फ्रीक्वेन्सीला येते, दुसरी बारीक आवाजाला आणि गरम झाल्यावर. म्हणजे कारणं दोन आहेत. आउटपुट ट्रान्झिस्टर दोन्हींत गुन्हेगार दिसत नाहीत.

पहिली तक्रार कागदावरच सुटते. ५० वॅट ८ ओहमला म्हणजे २० व्होल्ट आरएमएस, शिखर २८.३ व्होल्ट. २० किलोहर्ट्झची साइन वेव्ह या शिखरापर्यंत न्यायची तर लागणारा स्ल्यू रेट (आउटपुट व्होल्टेज बदलण्याचा वेग) = २ × ३.१४ × २०,००० × २८.३, म्हणजे ३.५६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद.

तुमच्याकडे किती आहे? मिलर कपॅसिटर भरायला आणि रिकामा करायला करंट येतो तो इनपुटच्या जोडीतून. कलेक्टरला साधा रझिस्टर असल्यामुळे १ मिलिअँपियरपैकी दोन्ही दिशांना जेमतेम अर्धा मिळतो. ०.५ मिलिअँपियर भागिले ३३० पिकोफॅरड = १.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. म्हणजे पूर्ण ताकदीला हा ॲम्प्लिफायर साडेआठ किलोहर्ट्झच्या आसपासच दमतो. टाळ-झांजेची सगळी चमक आणि 'स'चा बराच भाग तिथेच असतो. तबल्याला तेवढा वेग लागत नाही, म्हणून तबला वाचतो.

मर्यादा ओलांडली की आउटपुट साइन राहत नाही, त्रिकोणी लाट होते. शुद्ध त्रिकोणी लाटेत तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रीक्वेन्सीचा उपस्वर) मूळ स्वराच्या एक नवमांश, म्हणजे ११ टक्के असतो. त्याहून वाईट म्हणजे त्या क्षणी फीडबॅकचा ताबाच सुटलेला असतो. त्यामुळे सोबत वाजणारं दुसरं काहीही, मग तो गायकाचा आवाज असो की पेटी, त्यात मिसळून मूळ गाण्यात नसलेले स्वर तयार होतात. यालाच ट्रान्झियंट इंटरमॉड्युलेशन किंवा 'टिम' म्हणतात.

#३ नाट्यपद

टिमवर उपाय एकच, फीडबॅक कमी करा. फीडबॅक फिरून परत येईपर्यंत ट्रान्झियंट निघून गेलेला असतो. फिनलंडचे संशोधक मट्टी ओटाला यांनी हेच दाखवलं होतं. २२ के च्या जागी ४७ के लावा, गेन वाढेल, फीडबॅक निम्मा होईल.

#४ सूक्ष्मवेध

नाट्यपद, हे मत फार जणांचं आहे, म्हणून नीट उत्तर देतो. ओटाला यांचा १९७० चा निबंध मोलाचा आहे. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये अशी विकृती असते, आणि नुसत्या १ किलोहर्ट्झच्या मोजणीत ती दिसत नाही, हे त्यामुळे लोकांच्या लक्षात आलं. पण "फीडबॅक उशिरा पोचतो" हा अर्थ टिकत नाही. ट्रान्झिस्टर सर्किटमधला उशीर नॅनोसेकंदांत असतो. खरी अडचण आहे इनपुटच्या जोडीची. एमिटरला रझिस्टर नसलेली जोडी तिच्या दोन बेसमधला फरक जेमतेम २०-२५ मिलिव्होल्ट असेपर्यंतच सरळ वागते. कपॅसिटरला वेगाने करंट हवा असतो तेव्हा हा फरक वाढतो, जोडीची एक बाजू पूर्ण बंद होते आणि करंट संपतो. फीडबॅक भरपूर ठेवूनही हे टाळता येतं, फक्त जोडीला मोकळी जागा हवी.

२२ के चे ४७ के केल्याने काय होईल? गेन २३ वरून ४८ होईल. पूर्ण ताकदीला लागणारा स्ल्यू रेट तोच ३.५६, मिळणारा तोच १.५. टाळ तसाच फाटेल, आणि बाकीचं सगळं डिस्टॉर्शन वर दुप्पट होईल.

#५ ऐरोली_सेक्टर

सूक्ष्मवेध यांचा हिशेब बरोबर आहे. पण घोडबंदर_रोड, नुसता ३३० चा कपॅसिटर काढून १०० लावू नका. इनपुट स्टेजचा गेन तोच ठेवून कपॅसिटर तिपटीने कमी केला तर फीडबॅक लूपची मर्यादा फ्रीक्वेन्सीत तिपटीने वर सरकते आणि टिप३५ सारख्या संथ ट्रान्झिस्टरसोबत ॲम्प्लिफायर ऑसिलेट करू लागतो, म्हणजे सिग्नल नसतानाही स्वतःच लाटा काढतो. झोबेलचा (आउटपुटवरच्या रझिस्टर-कपॅसिटर जोडीतला) रझिस्टर जळालेला सापडतो तो बहुधा याच प्रयोगानंतर.

तीन बदल एकत्र करायचे :

मिलर कपॅसिटर १०० पिकोफॅरड, सी०जी (एनपीओ) सिरॅमिक किंवा पॉलिस्टायरीन, १०० व्होल्टचा. एक्स७आर नको, त्याची कपॅसिटी व्होल्टेजप्रमाणे बदलते, आणि इथे तर त्याच्यावर पूर्ण आउटपुट स्विंग असतो.

कलेक्टरच्या रझिस्टरच्या जागी करंट मिरर (एका बाजूचा करंट दुसऱ्या बाजूला तसाच उतरवणारी जोडी) : दोन बीसी५४६, प्रत्येकाच्या एमिटरला ६८ ओहम. आता टेलचा सगळा १ मिलिअँपियर दोन्ही दिशांना मिळतो. १ भागिले १०० = १० व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, गरजेच्या जवळपास तिप्पट. शिवाय जोडीच्या दोन्ही बाजूंचा करंट सारखा राहतो, त्यामुळे इनपुटचा दुसरा हार्मोनिक जवळजवळ नाहीसा होतो. ६८ ओहमच्या त्या दोन रझिस्टरांत नेमकी जुळणी पाहिजे, एका पट्टीतले १ टक्क्याचे घ्या.

बीसी५५६ च्या दोन्ही एमिटरला २७० ओहम. हा आकडा असा येतो : ०.५ मिलिअँपियरला ट्रान्झिस्टरचा स्वतःचा एमिटर रेझिस्टन्स ५२ ओहम. मिररमुळे गेन दुप्पट झाला आणि कपॅसिटर ३.३ पट कमी झाला, म्हणजे एकूण ६.६ पट. तेवढाच गेन खाली आणायला ५२ चे ३४३ करायला हवेत, २७० लावून ३२२ होतात. मूळ सर्किटमध्ये लूपचा गेन सुमारे २०० किलोहर्ट्झला एकावर येत होता, आता सुमारे २१५ ला येतो. स्थिरता तीच राहिली आणि वेग साडेसहा पट झाला. किंमत म्हणून थोडा नॉइज वाढेल, पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये तो ऐकू येत नाही.

इनपुटला १ के आणि १ नॅनोफॅरड घाला, १५९ किलोहर्ट्झला कट. स्वस्तातले ब्लूटूथ बोर्ड ऐकण्याच्या पट्ट्याबाहेरचा बराच कचरा बाहेर टाकतात. तो आत आला तर टिमचं कारण बाहेरूनच पुरवल्यासारखं होतं.

#६ कोपरी_पूल

दुसऱ्या तक्रारीचं मी सांगतो. बारीक आवाजाला खरखर म्हणजे क्रॉसओव्हर, आणि मोठ्या तुकड्यानंतर ती वाढते म्हणजे बायस (आउटपुट ट्रान्झिस्टर नेहमी किंचित चालू ठेवणारा करंट) गरम झाल्यावर नको तेवढा खाली जातोय.

वरचा ट्रान्झिस्टर बंद होऊन खालचा चालू होतो त्या सांध्यात दोघंही अर्धवट असतात. तिथे गेन पडतो. लाट शून्य ओलांडते तिथे दर वेळी हा खड्डा येतो, त्यामुळे तिसरा, पाचवा, सातवा, नववा अशी विषम हार्मोनिकची लांबलचक रांग लागते. खड्डा तेवढाच राहतो आणि लाट लहान होते, म्हणून टक्केवारी हळू आवाजाला वाढते. वरच्या हार्मोनिकवर फीडबॅकही कमी उरतो, त्यामुळे तो खड्डा पूर्ण भरून निघत नाही. तानपुऱ्यासारख्या अखंड आवाजावर हे लगेच कानाला बोचतं.

बायस असा लावा. मेन्सच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा तारेचा बल्ब. स्पीकर काढा, इनपुट शॉर्ट करा. मल्टिमीटर २०० मिलिव्होल्टवर, एका टोकाला वरच्या आउटपुटचा एमिटर, दुसऱ्याला खालच्याचा, म्हणजे ०.२२ चे दोन्ही रझिस्टर मध्ये येतात. प्रीसेट (बायस ठरवणारा फिरता रझिस्टर) कमीत कमी बायसवर ठेवूनच चालू करा. बल्ब क्षणभर पेटून विझला तर बल्ब काढून सरळ मेन्सवर घ्या आणि प्रीसेट सावकाश फिरवा. सिद्धांताप्रमाणे प्रत्येक रझिस्टरवर २६, म्हणजे दोन्हींवर मिळून ५२ मिलिव्होल्ट. ट्रान्झिस्टरच्या आतलाही थोडा रेझिस्टन्स त्यात धरावा लागतो, म्हणून प्रत्यक्षात ४० ते ४५ वर सर्वांत स्वच्छ मिळतं. तो साधारण १०० मिलिअँपियर झाला, एका ट्रान्झिस्टरवर साडेतीन वॅट. वीस मिनिटं थांबा, पुन्हा लावा.

जास्त बायस म्हणजे जास्त शुद्ध, असं नाही. शंभर मिलिव्होल्टवर नेलं तर दोघे एकत्र चालतात त्या पट्ट्यात गेन जास्त आणि बाहेर कमी अशी पायरी पडते. खड्ड्याऐवजी उंचवटा, आणि हीटसिंक फुकट तापतं.

आता गरम झाल्यावरचं. तुमच्या सर्किटमध्ये दोन ड्रायव्हर आणि दोन आउटपुट, असे चार जंक्शन (बेस-एमिटर सांधे) बायसच्या मार्गात आहेत. तापमान वाढलं की प्रत्येक जंक्शनचं व्होल्टेज एका अंशाला २ मिलिव्होल्टने उतरतं. बायस सांभाळणारा ट्रान्झिस्टर बीडी१३९ हीटसिंकवर असेल तर तो चौघांच्या वतीने अंशामागे ८ मिलिव्होल्ट उतरवतो. पण ड्रायव्हर बोर्डावर वेगळे उभे असतील तर ते तेवढे तापलेलेच नसतात. म्हणजे भरपाई जास्त होते. शिवाय मोठा तुकडा संपला की आउटपुटचा जंक्शन काही क्षणांत थंड होतो आणि हीटसिंक कित्येक मिनिटं गरम राहतं. त्या मधल्या काळात बायस कमी, म्हणून आलाप खरखरतो. दोन्ही ड्रायव्हर त्याच हीटसिंकवर (अभ्रक किंवा सिलिकॉन पॅड घालून) बसवा, आणि बीडी१३९ हीटसिंकच्या कडेला न ठेवता एका टिप३५ च्या पाठीवर स्क्रूने आवळा. टिप३५ चा सपाट प्लॅस्टिक भाग हीटसिंकच्या कडेपेक्षा जंक्शनच्या जवळ असतो.

प्रीसेट बीडी१३९ च्या बेस आणि एमिटरमध्ये असू द्या, कलेक्टर-बेसमध्ये नको. प्रीसेटचा सरकता काटा कधी सुटला तर पहिल्या जोडणीत बायस शून्याकडे जातो, दुसरीत वर जाऊन आउटपुट जळतात. आमच्याकडच्या दमट हवेत प्रीसेट चार-पाच पावसाळ्यांत असे सुटतातच.

#७ वाशी_खाडी

दमट हवेवरून रिलेचं सांगायला हवं, ते कुणी काढलंच नाही. ऐरोली-वाशीच्या खाडीकाठी, तिकडे कळव्याला, स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेच्या संपर्कांवर काळा थर चढतो. रिलेतून मोठा करंट गेला की थर फुटतो, हळू आवाजाला तो तसाच राहतो आणि संपर्क सरळ रेषेत वागत नाही. फीडबॅक रिलेच्या आधी घेतलेला असतो, त्यामुळे ॲम्प्लिफायरला याचा पत्ताच नसतो. एका चॅनेलचा आवाज कधी बारीक, कधी चिरका होत असेल, आणि एक मोठा ठोका वाजला की सुधारत असेल, तर तो रिले.

तपासायचं असं : ८ ओहमच्या लोडवर १ वॅट, म्हणजे २.८३ व्होल्ट, १०० हर्ट्झ. मीटर एसी मिलिव्होल्टवर, रिलेच्या संपर्काच्या दोन टोकांना. करंट ०.३५ अँपियर आहे, चांगल्या संपर्कावर काही मिलिव्होल्टच दिसतील. पस्तीस दिसले तर संपर्क १०० मिलिओहमचा झाला. सॅंडपेपर मारू नका, चांदीचा मुलामा निघतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. सीलबंद रिले घाला.

#८ घोडबंदर_रोड

वाशी_खाडी, तुम्ही लिहिलंत तसंच उजव्या बाजूला होतं, मी ते स्पीकरचं समजत होतो. संपर्कावर ६० मिलिव्होल्ट आले. बायस मोजला : डावीकडे ५ मिलिव्होल्ट, उजवीकडे ७.

एक विचारतो, २एन३०५५ आणि एमजे२९५५ ची जोडी पडून आहे, टिपच्या जागी चालेल का? आणि हे सगळं केल्यावर खरंच सुधारलं हे कानाव्यतिरिक्त कशाने ठरवू?

#९ कोपरी_पूल

२एन३०५५ नको. त्याची कलेक्टर-एमिटर मर्यादा ६० व्होल्ट. तुमची रेल ±३५, लाट एका टोकाला गेली की बंद असलेल्या ट्रान्झिस्टरवर जवळपास ७० व्होल्ट येतात. टिप३५सी/३६सी १०० व्होल्टचे आहेत, तेच राहू द्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेताना फार स्वस्त मिळणारे आणि छपाई बोटाने पुसली जाणारे टाळा.

#१० सूक्ष्मवेध

मोजायला लॅपटॉप, बऱ्यापैकी यूएसबी साउंडकार्ड आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. लोड म्हणून ८.२ ओहम २५ वॅटचे चार ॲल्युमिनियम कवचाचे रझिस्टर, दोन-दोन सिरीजमध्ये, मग त्या जोड्या पॅरललमध्ये. हीटसिंकवर आवळा.

साउंडकार्डला थेट आउटपुट देऊ नका. पूर्ण ताकदीसाठी २२ के आणि १ के चा डिव्हायडर, २० व्होल्टचे ०.८७ होतात. १ वॅटसाठी मात्र २.२ के आणि १ के, नाहीतर सिग्नल इतका लहान होतो की साउंडकार्डचा स्वतःचा नॉइजच मोजला जातो. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर लावला की ग्राउंड लूपचा ५० हर्ट्झ आणि त्याची पिल्लं दिसतात. ब्रिज केलेल्या ॲम्प्लिफायरला ही जोडणी चालत नाही, तिथे स्पीकरचं एकही टोक ग्राउंड नसतं.

आधी साउंडकार्डचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन लिहून ठेवा. मग चार मोजण्या :

१ किलोहर्ट्झ, १ वॅट : इथे विषम हार्मोनिकची लांब रांग दिसली तर क्रॉसओव्हर. बायस फिरवताना ही रांग डोळ्यांदेखत खाली जाते, आणि जिथे सर्वांत खाली तिथे प्रीसेट सोडायचा. मिलिव्होल्टपेक्षा ही खूण पक्की.

१९ आणि २० किलोहर्ट्झ एकत्र, पूर्ण ताकदीच्या किंचित खाली : १ किलोहर्ट्झला आणि १८, २१ ला उगवलेल्या काड्या (आलेखातल्या उभ्या रेषा) पाहा. स्ल्यूची ओढाताण इथे लगेच उघडी पडते, आणि ४८ किलोहर्ट्झ सॅंपलिंगचं कार्डही पुरतं. १० किलोहर्ट्झचे हार्मोनिक पाहायला तेच कार्ड अपुरं, कारण २४ च्या पुढचं त्याला दिसतच नाही. तिथे १९२ हवं.

२० ते ५० हर्ट्झ : इथेच तिसरा हार्मोनिक वाढत असेल तर फीडबॅकच्या खालचा ४७ मायक्रोफॅरड. इलेक्ट्रोलिटिकवर स्वतःवर एसी व्होल्टेज पडलं की तो डिस्टॉर्शन करतो. १ के सोबत त्याचा कट ३.४ हर्ट्झला आहे, २२० मायक्रोफॅरड घातला तर ०.७ वर जातो आणि तक्रार संपते.

शेवटची, लोड लावून आणि काढून : लोड लावल्यावरच दुसरा हार्मोनिक येत असेल तर वायरिंग. क्लास बी मध्ये (लाटेचे दोन अर्धे दोन वेगळे ट्रान्झिस्टर चालवतात त्या रचनेत) प्रत्येक रेलमधून अर्धीच लाट वाहते. त्या तारा इनपुटजवळून गेल्या की अर्ध्या लाटेचं चुंबकीय क्षेत्र इनपुटमध्ये शिरतं. मोजणी चालू ठेवून रेलची तार प्लॅस्टिकच्या काडीने हलवा. आकडा हलला तर कारण तेच. दोन्ही रेल आणि ग्राउंड एकत्र पिळून घ्या.

#११ ऐरोली_सेक्टर

वायरिंगमध्ये दोन जागा बहुतेकांच्या चुकतात. फीडबॅकची तार दोन एमिटर रझिस्टर मिळतात त्या नेमक्या बिंदूवरून घ्या, इंचभर बाजूच्या ट्रॅकवरून नको, कारण त्या ट्रॅकमध्येही अर्धी लाट असते. आणि स्टार ग्राउंड (सगळी ग्राउंड एकत्र मिळतात तो बिंदू) फिल्टर कपॅसिटरच्या मधल्या बिंदूवर न ठेवता तिथून एक आखूड जाड तार काढून तिच्या टोकाला ठेवा, म्हणजे चार्जिंगचे झटके स्टारमध्ये येत नाहीत. फीडबॅकच्या कपॅसिटरचं ग्राउंड इनपुटच्या ग्राउंडला, रेलच्या डिकपलिंग कपॅसिटरचं ग्राउंड वेगळ्या तारेने स्टारला.

महावितरणचं व्होल्टेज संध्याकाळी २१० वर आलं तर हाच ५० वॅटचा ॲम्प्लिफायर ४१ च्या आसपास क्लिप होतो, म्हणजे लाटेची टोकं कापली जातात. मोजणी करताना मेन्सचं व्होल्टेजही लिहा, नाहीतर दोन दिवसांचे आकडे जुळणार नाहीत.

#१२ घोडबंदर_रोड

डावीकडचा चॅनेल झाला : मिरर, २७० ओहम, १०० पिकोफॅरड, २२० मायक्रोफॅरड, ड्रायव्हर हीटसिंकवर. १ वॅटला तिसरा हार्मोनिक −४८ डीबी होता, बायस ४२ मिलिव्होल्टवर नेल्यावर −७६. १९-२० च्या मोजणीत १ किलोहर्ट्झची काडी नॉइजमध्ये बुडाली. मात्र १० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह स्कोपवर पाहिली तर खालच्या अर्ध्यात बारीक केसाळ फुगवटा दिसतो, वरच्या अर्ध्यात नाही.

#१३ ऐरोली_सेक्टर

एकाच अर्ध्यात केसाळ फुगवटा म्हणजे खालच्या बाजूचा ट्रान्झिस्टर मेगाहर्ट्झमध्ये स्वतःशीच ऑसिलेट करतोय. ड्रायव्हर हीटसिंकवर नेताना तारा लांबल्या असतील. खालच्या ड्रायव्हरच्या आणि टिप३६ च्या बेसला अनुक्रमे २२ ओहम आणि २.२ ओहम, रझिस्टर थेट पायाला लागून, तार त्याच्या पलीकडे. बोर्डावर रेलला १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ड्रायव्हरपासून दोन सेंटिमीटरच्या आत. झोबेलचा १० ओहम आणि १०० नॅनोफॅरड बोर्डावरच हवा, स्पीकरच्या टर्मिनलवर नाही. वरच्या बाजूलाही तेच रझिस्टर घाला. हे झाल्यावर बायस पुन्हा मोजा, कारण ऑसिलेशन असताना मल्टिमीटरने दाखवलेले ते ४२ मिलिव्होल्ट खरे नसू शकतात.